मामा, टॉर्च आणि सिडनीचं भुयार

मे महिन्यातलं शेवटचं लग्न सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका कार्यालयात शूट केलं, सामान घरी आणून टाकलं आणि बायकोला सांगितलं, आता आठ दिवस कॅमेऱ्याला हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच जुन्या हार्ड डिस्क काढून बसलो. ती म्हणाली, "अहो, हे काय मग?" मी म्हटलं, "हा कॅमेरा नाहीय."

पंधरा वर्षांची लग्नं आहेत त्या डिस्कवर. काही जोडप्यांची पोरं आता सहावी-सातवीत गेली, अल्बमचे राहिलेले पैसे मात्र अजून यायचेत. त्या ढिगात 'मिक्स' नावाच्या फोल्डरमध्ये एक सिनेमा सापडला. 'द टनेल'. ऑस्ट्रेलियाचा भयपट, २०११ चा. त्या वर्षी नवी पेठेत एका मित्राचा सायबर कॅफे होता. रात्री दहाला तो शटर अर्धं खाली ओढायचा, टोरंट लावायचा आणि सकाळी येऊन बघायचा की काय काय उतरलंय. बरंचसं चोरीचंच असायचं, खोटं कशाला बोलू. हा मात्र चोरीचा नव्हता. बनवणाऱ्यांनी स्वतःच मे २०११ मध्ये टोरंटवर फुकट सोडला होता. मित्राचा विश्वास बसेना. "फुकट देतेत म्हणजे बंडलच असणार बे," म्हणाला आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला.

फुकट देणाऱ्यांनी पैसे कसे उभे करायचं ठरवलं, ते वाचून मी तेव्हा वहीत हिशोब मांडला होता. सिनेमा ९० मिनिटांचा धरा. सेकंदाला २५ फ्रेम. ९० गुणिले ६० गुणिले २५, म्हणजे १,३५,००० फ्रेम. एन्झो टेडेस्ची आणि ज्युलियन हार्वे या दोघा लेखक-निर्मात्यांनी सांगितलं, एक फ्रेम एक डॉलरला विकत घ्या. १ लाख ३५ हजार डॉलर जमवायचे, म्हणून योजनेचं नावच '१३५ के'. पंचवीस डॉलर दिले की सिनेमातला एक सेकंद तुमचा.

आपल्या धंद्यात हे आणायचं म्हटलं तर तीन तासांच्या लग्नात २ लाख ७० हजार फ्रेम होतात. रुपयाला एक जरी विकली तरी माझं घर झालं असतं. पण घेणार कोण? नवरीच्या मामाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी ज्यात दिसतो तेवढ्याच दे आणि त्यातही डोळे मिटलेल्या नकोत.

असो. सिनेमा पुन्हा बघायचा ठरवलं. रात्री, हॉलमधला लाइट बंद करून, लॅपटॉप टीव्हीला जोडून. बायको म्हणाली, मला उद्या डबे आहेत, आणि आत गेली. मामा बसले.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. सध्या आमच्याकडेच असतात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. सत्तरी उलटली. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. पाणी सोडायचं. सोलापूरच्या माणसाला 'चावीवाला' म्हटलं की पुढं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो. लांब दांड्याची चावी त्यात घालून फिरवली की त्या भागाला पाणी सुटतं. ती चावी सायकलला आडवी बांधून मामा वेळी-अवेळी गल्ल्या फिरायचे. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, उन्हाळ्यात पाच दिवसांआडसुद्धा. त्यामुळं बायका मामांना आमदारापेक्षा जास्त ओळखायच्या. "ओ चावीवाले, आज किती वाजता?" शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायचो. माझं काम टॉर्च धरणं. ते चेंबरमध्ये उतरायचे, मी वर उभा.

तर सिनेमाची गोष्ट. सिडनीत दुष्काळ पडलाय. सरकार जाहीर करतं की शहराखाली रेल्वेची जुनी, बंद पडलेली भुयारं आहेत, त्यात पाणी साठलंय, ते शुद्ध करून वापरू. मग एक दिवस ही योजना गुपचूप बंद होते. का, ते कुणी सांगत नाही. त्या भुयारांत बेघर माणसं राहतात आणि त्यातली काही नाहीशी होतायत अशी कुजबुज आहे. नताशा नावाची एक टीव्ही पत्रकार याच्या मागे लागते. ती, तिचा निर्माता, कॅमेरामन आणि साउंडवाला, असे चौघं खाली उतरतात.

इथपर्यंत आलो तेव्हाच मामा हसले. म्हणाले, "योजना जाहीर झाली आणि नंतर त्यावर कोणी बोललंच नाही. यात भुताचं काय आहे? हे तर पेपरात रोज असतंय."

परदेशातल्या लोकांना हा भाग कसा वाटतो कोण जाणे, समीक्षक मंडळी तर त्याला 'कथेची पार्श्वभूमी' म्हणून सोडून देतील. मला विचाराल तर सगळा सिनेमा त्याच्यावर उभा आहे. मे महिन्यात 'उजनी मायनसमध्ये गेलं' हे वाक्य ज्यानं चहाच्या टपरीवर ऐकलंय, त्याला पाण्यासाठी माणूस कुठंही उतरेल हे पटवावं लागत नाही. धरणात पाणी असतं, पण ते मृतसाठ्यातलं, सहज बाहेर न निघणारं. तिकडं तसं पाणी शहराच्या पायाखाली आहे. आणि ही भुयारं सिनेमावाल्यांनी मनातून काढलेली नाहीत. सिडनीचं सेंट जेम्स स्टेशन १९२६ साली सुरू झालं. पुढच्या मार्गांसाठी खोदून ठेवलेली भुयारं तशीच पडून राहिली, कारण ते मार्ग कधी झालेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यातल्या काही भागात हवाई हल्ल्यापासून लपायची सोय केली होती. एका भुयारात झिरपून झिरपून खरंच तळं झालंय. पण गाडी कधी धावली नाही.

आमच्याकडं असली भुयारं नसली तरी त्यांच्या गोष्टी पुष्कळ. लहानपणी प्रत्येक पोराला माहीत असायचं की भुईकोट किल्ल्यातून एक भुयार थेट नळदुर्गला निघतं. घोड्यावर बसून जाता येईल एवढं उंच. कुणाच्या तरी आजोबांनी त्यात कोंबडी सोडली आणि ती तिकडं निघाली, वगैरे. कोंबडी प्रत्येक गावाच्या भुयारात असते. मामांपुढं मी एकदा हे बोललो तर त्यांनी मला वेड्यात काढलं. "नळदुर्ग पन्नास किलोमीटरला टेकलंय. इथं चार फूट खणलं की काळा पाषाण लागतो, पाइप टाकायचा तर ब्रेकर आणावा लागतो. पन्नास किलोमीटर कोण खणंल? आणि हवा कुठून यायची?" बारा वर्षांच्या पोराचं भुयार एका वाक्यात बुजवून टाकलं त्यांनी.

सिनेमाकडं येतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं ढिली आहेत. टीव्ही ऑफिसातलं राजकारण, परवानगी मिळाली की नाही, मिळाली नसताना कोण कुणाला काय सांगतंय. हे सगळं थोडक्यात झालं असतं. शिवाय हा माहितीपटाच्या पद्धतीनं रचलाय, म्हणजे मध्ये मध्ये वाचलेली माणसं खुर्चीत बसून मुलाखती देतात. चौघं उतरले आणि मुलाखत दोघंच देतायत. म्हणजे दोघांचं काय झालं ते आधीच कळलं ना? मला तेव्हा ही चूक वाटली होती. या खेपेला तसं वाटलं नाही. ते दोघं 'आम्ही पुढं गेलो' असं म्हणताना जरा थांबतात, आणि आपण त्या थांबण्यातच मोजायला लागतो.

भूत, राक्षस, जो काय आहे तो, नीट दिसतच नाही. उंच, फिकट, झटकन गेलेलं काहीतरी. पैसे नव्हते म्हणून असेल. पण आमच्यासारख्या कॅमेरावाल्याला हा सिनेमा का आवडतो ते सांगतो. असल्या 'सापडलेल्या टेप'वाल्या सिनेमांत प्रेक्षक एकच प्रश्न विचारतो, एवढं मरण मागे लागलंय तर कॅमेरा टाकून पळत का नाही? इथं त्याचं उत्तर कुणाला द्यावंच लागत नाही. त्या अंधारात उजेड फक्त कॅमेऱ्यावरच्या लाइटचा आहे. कॅमेरा टाकला की आंधळे झाले. पळायचं तरी कॅमेऱ्यातूनच बघत पळायचं. आणि कॅमेरामनचं काम करणारा स्टीव्ह डेव्हिस हा खरोखरचा कॅमेरामन, सिनेमा शूटही त्यानंच केलाय. त्याची पकड बघूनच कळतं. घाबरलेला नट कॅमेरा हलवतो. घाबरलेला कॅमेरामन तो छातीशी धरतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०१२ मध्ये आम्ही तिघा मित्रांनी हा सिनेमा बघूनच एक शॉर्ट फिल्म काढायला घेतली होती. किल्ल्यातल्या त्याच भुयाराची गोष्ट. बजेट चार हजार, त्यातले नऊशे चहा-वडापाववर गेले. भुयार कुठून आणणार? म्हणून रात्री दीडला रेल्वेखालच्या एका पुलाखाली गेलो. हँडीकॅमला नाइटशॉट होता. त्यात सगळं हिरवं दिसतं, डोळे मांजरासारखे चमकतात. आम्हाला वाटलं, एवढ्यावर अर्धं काम झालं. घरी येऊन बघितलं तर काय, अंधार काळा नव्हताच. करडा होता. कॅमेऱ्याला उजेड कमी पडला की तो स्वतःच चित्र उजळायला बघतो आणि सगळीकडं दाणे येतात, रव्यासारखे. भिंत रवा, माणूस रवा, भूत झालेला आमचा मित्र तर रव्याचा लाडू. वर चाळीस मिनिटं कुत्री भुंकलेली. आणि बॅटरी. भूत पहिल्यांदा दिसायचं त्याच शॉटला बॅटरी गेली. दुसरी चार्जिंगला घरी होती. तो सगळा माल अजून त्याच डिस्कवर आहे, पुसवत नाही.

त्यामुळं काळा अंधार पडद्यावर काळा ठेवणं, आणि त्यात एवढीशी हालचाल दाखवणं, हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे. त्यासाठी डॉलर लागत नाहीत. लाइट कुठं लावायचा नाही, हे कळावं लागतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. सिनेमात साउंडवाला पोरगा आहे, त्याला सगळे टँगल्स म्हणतात. कानाला हेडफोन लावलेला. बाकीचे तिघं नुसत्या कानांनी ऐकतायत, याला माइकमधून जास्त ऐकू येतं. तो थबकतो आणि आपल्याला कळतं की त्यानं काहीतरी ऐकलंय, पण काय ते आपल्याला ऐकू आलेलं नाही. तो चेहरा बघून मला एकदम नळदुर्ग आठवलं.

चार-पाच वर्षांपूर्वी एका जोडप्याचं प्री-वेडिंग होतं, ऑगस्टमध्ये. नवऱ्या मुलाचा हट्ट, पाणीमहालातच करायचं. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे आणि त्या बांधाच्या भिंतीच्या पोटात महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. नदीला पाणी असलं की नर आणि मादी अशा दोन धारा भिंतीवरून कोसळतात आणि तुम्ही आत, पाण्याच्या मागं, कोरडे उभे असता. अंधाऱ्या पायऱ्या उतरून खाली गेलो. नवरी मुलगी निम्म्या वाटेतच म्हणाली, मला वर जायचंय. तिला समजावलं, उभं केलं आणि आवाज तपासायला मी हेडफोन घातला. पाण्याचा गडगडाट असणार हे गृहीत होतं. तो होताच. पण त्याच्या आत, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेत होतं. जड, थांबून थांबून. मी वळून बघितलं, मागं भिंत. मग लक्षात आलं, माइक माझ्याच छातीला चिकटलाय. माझाच श्वास. हसलो, कुणाला सांगितलं नाही, पण शूट वीस मिनिटांत आटोपलं. पार्टीला वाटलं फोटोग्राफर किती फास्ट आहे.

मामांचं लक्ष मात्र तिसरीकडंच. सिनेमाभर ते शेरे मारत होते. चौघं आत शिरले तेव्हा म्हणाले, "दोर नाही घेतला." पुढं गेले तेव्हा म्हणाले, "वास बघितला नाही." मी विचारलं, कसला वास? तर म्हणाले, बंद जागेत उतरताना आधी झाकण काढून ठेवायचं, बराच वेळ. हवा खेळू द्यायची. जुने लोक कंदील सोडून बघायचे, विझला की उतरायचं नाही. आत काय साठलंय ते दिसत नाही, आणि कधी कधी वाससुद्धा येत नाही. माणूस वाकतो आणि वाकलेला तसाच बसतो. दुसरा त्याला काढायला जातो, तोही बसतो. हे सगळं त्यांनी टीव्हीकडं बघत, बडीशेप चावत सांगितलं.

मी म्हटलं, "मामा, हा सिनेमा आहे. तिथं राक्षस आहे."

"असू दे की. राक्षसाला बी हवा लागतीच."

बेघर लोकांचं सामान दिसतं त्या प्रसंगात ते एकदम गप्प झाले. गोधड्या, डबे, कुणीतरी घर मांडलं होतं अशा खुणा. तिथं भीतीचं संगीत वाजत असतं, पण मामा पुढं झुकून, बऱ्या डोळ्यानं, ते सामानच बघत होते. नंतर एवढंच म्हणाले, "कुणी विचारायला नसलेलीच माणसं उचलतंय ते." कार्लो लेडेस्मा या दिग्दर्शकाला नेमकं हेच म्हणायचं होतं की नाही ठाऊक नाही, मला मात्र दोन वेळा बघूनही ते सुचलं नव्हतं.

शेवटची तीस मिनिटं पळापळ आहे. चांगली आहे. पाणी, अंधार, श्वास, हलता उजेड. कुठं कुठं तेच ते वाटतं. शेवट सांगत नाही, मिळाला तर बघा. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तिकीट काढून भूतबंगल्यात जाता ना, तिथं सांगाडा अंगावर येतो, आपण ओरडतो आणि बाहेर येऊन भजी खातो. तशी मजा यात नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीला बादली भरताना आठवण येते, अशातला आहे.

नावं वर सरकायला लागली. मी लाइट लावला. मामा डोळा चोळत होते, मी म्हटलं चोळू नका. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "किती जण उतरले होते?"

"चार."

"आणि वर कोण होतं?"

मी आठवून बघितलं. "वर कोणी नव्हतं."

"कोणीच नाही?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही ते चौघं माझ्याच युनिटमधले होते. "आपण एवढ्याशा चेंबरमध्ये उतरायचो," हातानं दाखवलं, कमरेएवढं, "तरी तुला वर उभा करायचो मी. तुला वाटायचं टॉर्चसाठी."

मला तसंच वाटायचं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. कंटाळा आला की टॉर्च आकाशात मारायचो आणि खालून मामा ओरडायचे, "उजेड कुठंय बे!" त्या वयाचं पोरगं वर उभं राहून करणार तरी काय होतं, हे विचारायचं माझ्या मनात आलं. विचारलं नाही.

दीड वाजला होता. तेवढ्यात मोरीतला नळ फुसफुसला. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा बाहेर पडते, तो आवाज. आधी बारीक शिट्टी, मग खोकल्यासारखं, मग थोडा वेळ काहीच नाही. सिनेमा नुकताच संपला होता म्हणून माझ्या मानेवर काटा आला, मान्य करतो. मामा मात्र उठून उभे राहिले.

"आज आपला दिवस नाहीय," मी म्हटलं. "उद्याय."

"हवा सुटली म्हणजे मागनं येतंय," ते म्हणाले आणि भिंतीला धरून मोरीकडं निघाले. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, आलं का? हौदाचा बोळा काढा आधी, मागच्या वेळी तसाच राहिला होता."

मी मोबाइलचा टॉर्च लावून मामांच्या मागं गेलो. त्यांनी नळाखाली हात धरला होता.